वाचन-अक्षमता आणि मेंदूची रचना : एमआरआयमध्ये नेमके काय दिसते?

जाईची_वेल (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. ऐकलेली गोष्ट तो दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगतो आणि तोंडी हिशेबात वर्गात पुढे असतो. परंतु पुस्तकातला उतारा समोर आला की पहिल्याच ओळीत त्याचे बोट अडते. परवा त्याने 'क्रमाने' हा शब्द 'कर्माने' असा वाचला, पुन्हा वाच म्हटल्यावर 'कमराने' असा वाचला, आणि तिसऱ्या वेळी काही न बोलता पुस्तक मिटून ठेवले.

आमच्या शहरातल्या एका खासगी केंद्रात त्याला दाखवले असता तिथल्या समुपदेशकांनी 'डिस्लेक्सियाची', म्हणजे वाचन-अक्षमतेची, 'खात्री करून घेण्यासाठी' मेंदूचा एमआरआय काढण्यास सुचवले आहे. त्यांच्या भिंतीवर दोन मेंदूंचे एक मोठे चित्र आहे. एकात डाव्या बाजूला तीन लाल ठिपके आहेत, तर दुसऱ्यात पुढच्या बाजूला एकच. 'तुमच्या मुलाचा मेंदू हा दुसऱ्यासारखा असणार,' असे ते म्हणाले. खर्चाचे एक वेळ सोडून देऊ. पण अशा मुलांच्या मेंदूची घडण खरोखर वेगळी असते का, आणि असल्यास ती एका मुलाच्या फिल्मवर दिसते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काळी_फिल्म

ताई, मी क्ष-किरणतज्ज्ञ असून रोज मेंदूचे एमआरआय वाचणे हेच माझे काम आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो : केवळ वाचन-अक्षमतेच्या निदानासाठी एमआरआय काढू नये. मुलाला फिट येत असेल, डोक्याला मार लागला असेल, आधी येत असलेले वाचन किंवा बोलणे अचानक गेले असेल, किंवा डॉक्टरांना तपासणीत मज्जासंस्थेचे अन्य काही लक्षण आढळले असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या वर्णनात तसे काहीच नाही. वाचन-अक्षमता असलेल्या मुलांच्या दहा आणि नसलेल्या मुलांच्या दहा फिल्म कोणी माझ्यासमोर मिसळून ठेवल्या आणि त्या वेगळ्या करायला सांगितल्या, तर मला चिठ्ठ्या टाकाव्या लागतील.

भिंतीवरचे ते चित्र मी पाहिलेले आहे. ते रचनेचे चित्रच नाही. वाचत असताना मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा वाढतो, हे अनेक मुलांमध्ये मोजून त्याची सरासरी त्यात रंगवलेली असते. तो कोणा एकाचा मेंदू नव्हे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. गटागटांची तुलना केली असता फरक आढळतात, हे खरे आहे, आणि त्या शोधाचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

वाचनाची मेंदूत काही ठरावीक जागा असावी, ही कल्पना पक्षाघाताच्या रुग्णांवरून आली. पॅरिसमध्ये डेजरिन या डॉक्टरांकडे एक निवृत्त कापडव्यापारी आला होता. त्याला लिहिता येत असे, बोलता येत असे, पण स्वतःच नुकतेच लिहिलेले वाक्य वाचता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर डेजरिन यांनी मेंदू तपासला आणि १८९२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. डाव्या बाजूचा मागचा, म्हणजे दृष्टीचा भाग आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचे मागचे टोक निकामी झालेले होते. मेंदूच्या उजव्या बाजूला अक्षरे दिसत होती. परंतु डाव्या बाजूच्या भाषेच्या भागापर्यंत ती पोहोचण्याची वाट बंद झाली होती. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याच्या थोडा आधी, १८८७ मध्ये, जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी अशाच प्रौढ रुग्णांसाठी योजला होता.

मुलांची गोष्ट १८९६ मध्ये आली. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिली. मुलगा चलाख होता, गणितात चांगला होता, आणि अनेक वर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. स्वतःचे नाव लिहितानाही 'पर्सी'च्या जागी 'प्रेसी' होईल अशी अक्षरांची उलटापालट तो करी, आणि ती त्याच्या लक्षातही येत नसे. त्याला पक्षाघात झालेला नव्हता. मॉर्गन यांनी तर्क केला की दोष जन्मजात असून तो मेंदूच्या त्याच डाव्या भागात असावा. त्या वेळी तो तर्क पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते.

शंकेखोर

वर्णन उत्तम आहे, पण पुरावा कुठे आहे? 'असावा' यावर किती वर्षे काढली?

काळी_फिल्म

बरीच. पहिला ठोस पुरावा येण्यास ऐंशीएक वर्षे लागली. १९६८ मध्ये गेश्विंड आणि लेविट्स्की यांनी शंभर सर्वसामान्य मेंदू कापून मोजले. कानाच्या वरच्या बाजूस, खोल घडीच्या आत, 'प्लेनम टेम्पोराले' नावाचा एक सपाट पट्टा असतो. तो ६५ मेंदूंमध्ये डावीकडे मोठा, ११ मध्ये उजवीकडे मोठा आणि २४ मध्ये दोन्हीकडे सारखा निघाला. त्यानंतर बोस्टनमध्ये आल्बर्ट गॅलाबुर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचन-अक्षमता असलेल्या व्यक्तींचे, मृत्यूनंतर मिळालेले मेंदू तपासले. १९७९ मध्ये एक आणि १९८५ मध्ये एकूण चार मेंदूंची माहिती प्रसिद्ध झाली. चौघेही पुरुष होते. चौघांमध्येही तो पट्टा दोन्ही बाजूंना सारखा होता, म्हणजे नेहमीचा डावा वरचढपणा नव्हता.

याहून लक्षवेधी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. मेंदूच्या सालीत पेशींचे सहा थर असतात आणि सर्वांत बाहेरच्या थरात पेशी जवळजवळ नसतातच. या मेंदूंमध्ये त्या रिकाम्या थरात पेशींची छोटी छोटी घरटी आढळली, आणि ती प्रामुख्याने डाव्या बाजूला, भाषेच्या भागांच्या आसपास होती. गर्भाच्या वाढीच्या मध्यकाळात पेशी आतून बाहेर प्रवास करून आपापल्या थरात जाऊन थांबतात. काही पेशी थांबण्याची जागा चुकून पुढे गेल्या, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच, हा फरक पडलेला होता. ही घरटी इतकी लहान असतात की आपल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ती दिसत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

शंकेखोर

चार मेंदूंवरून संपूर्ण मानवजातीविषयी विधान करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि तीही चार वेगवेगळ्या हंड्यांतल्या शितांवरून. शिवाय त्या चौघांना आणखी काही आजार नव्हते याची खात्री काय?

काळी_फिल्म

आपली शंका रास्त आहे आणि ती अभ्यासकांनीही उपस्थित केली. पुढे एमआरआयवर मोठे गट तपासल्यावर प्लेनम टेम्पोरालेचा निष्कर्ष डळमळीत झाला. काही ठिकाणी तो फरक दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. पेशी-प्रवासाच्या कल्पनेला पुढे काही जनुकांमुळे बळ मिळाले. २००३ मध्ये फिनलंडमधल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून पहिले संभाव्य जनुक सुचवले गेले. मात्र २०२२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक वाचन-अक्षम प्रौढ आणि दहा लाखांहून अधिक इतर लोक यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा जनुकसंचातल्या ४२ जागा पुढे आल्या. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी छोटा आहे. 'डिस्लेक्सियाचे जनुक' असे एकवचनात बोलण्याचे दिवस तिथे संपले.

रचनेबाबतही तेच. करड्या द्रव्याच्या, म्हणजे पेशींच्या थराच्या मोजमापांत डाव्या कानामागचा वरचा भाग, त्याच बाजूचा खालचा मागचा भाग आणि कपाळामागचा खालचा भाग ही नावे पुनःपुन्हा येतात. परंतु एका अभ्यासात जे ठिकाण सापडते ते दुसऱ्यात सापडेलच असे नाही. २०१५ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि पोलंड या तीन देशांतल्या २३६ मुलांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा आधीचे बहुतेक फरक त्यात टिकले नाहीत.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा धागा श्वेत द्रव्याचा, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा, आहे. शेतात पाणी सोडले की ते सरीच्या दिशेने धावते, सरी ओलांडून सहसा जात नाही. मेंदूतल्या तंतूंमध्येही पाण्याचे रेणू तंतूच्या दिशेने अधिक सहज सरकतात आणि विशिष्ट प्रकारच्या एमआरआयवर ते मोजता येते. २००० साली क्लिंगबर्ग आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने दाखवले की वाचनात कच्च्या असलेल्या प्रौढांमध्ये डाव्या बाजूच्या, कानामागच्या भागातल्या तंतूंमध्ये ही एकदिशा कमी असते, आणि ती जितकी कमी तितके वाचनाचे गुण कमी. त्यानंतर 'आर्क्युएट फॅसिक्युलस' या कमानीसारख्या वळलेल्या तंतुपट्ट्यावर बरेच काम झाले. आवाज ओळखणारा मागचा भाग आणि उच्चार जुळवणारा पुढचा भाग यांना जोडणारा हा रस्ता आहे. २०१३ मध्ये बालवाडीतल्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांमध्येही या पट्ट्याचे आकारमान आणि शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्याची क्षमता यांचा संबंध दिसला.

मात्रावेलांटी

मी गेली सोळा वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि काळी_फिल्म यांच्या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. बहुतेक पालक 'मुलाला अक्षरे उलटी दिसतात' असे समजून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे येतात. डोळे तपासावेत, अवश्य तपासावेत. पण बहुतेक मुलांची अडचण दिसण्यात नसून शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षराशी झटकन जोडण्यात असते.

पर्सीचा 'प्रेसी' वाचून मी चकित झाले, कारण जाईची_वेल यांच्या मुलाने 'क्रमाने'चे 'कर्माने' केले तो हाच प्रकार आहे. 'र' एक जागा सरकला. आपल्या लिपीत तर या 'र'ला बसायला किती जागा आहेत, पाहा : 'कर्म'मध्ये तो 'म'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, पण उच्चारायचा 'म'च्या आधी, 'क्रम'मध्ये तो 'क'च्या पायाशी तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये 'ट'खाली टोपी उलटी धरतो, आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी की स्वयंपाकी हे केवळ त्याच्या रूपावर ठरते. पहिली वेलांटीही तशीच आहे. 'कि' लिहिताना ती 'क'च्या आधी येते आणि ऐकू मात्र नंतर येते. ज्या मुलाचा आवाजांचा क्रम पक्का आहे ते दोनचार महिन्यांत या खोड्या पचवते. ज्याचा तो पक्का नाही, त्याच्यासाठी प्रत्येक जोडाक्षर म्हणजे नवे कोडे असते.

शंकेखोर

मला वाटत होते की मराठी 'जसे लिहिले तसे वाचायचे' अशी भाषा असल्यामुळे ही समस्या मुळात इंग्रजीची असावी. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ पाहता त्यांच्या मुलांना वाचता न येणे स्वाभाविक आहे.

काळी_फिल्म

यावर २००१ मधला एक सुंदर अभ्यास आहे. पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज अशा तिन्ही गटांतले वाचन-अक्षम प्रौढ तपासले. इटालियन लिपी आपल्यासारखी सरळ असल्याने इटालियन लोक इंग्रजांपेक्षा बरे वाचत होते. परंतु वाचताना डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागात क्रिया कमी असणे हे तिघांमध्येही सारखेच होते. सरळ लिपी अडचण झाकते, नाहीशी करत नाही. अशी मुले चुका कमी करतात, पण फार हळू वाचतात, आणि हळू वाचणाऱ्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. चिनी मुलांमध्ये मात्र २००४ आणि २००८ च्या अभ्यासांत डाव्या कपाळामागचा मधला भाग पुढे आला. तेव्हा लिपीचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

पाटीपेन्सिल

मी हा धागा मोबाइलकडून मोठ्याने वाचून घेत आहे आणि हे उत्तरही बोलून टंकित करत आहे. वय ५२, चिपळूणजवळ मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शाळेत आमचे गुरुजी ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावत. माझ्या आधी किती मुले आहेत ते मोजून मी माझा परिच्छेद शेजाऱ्याकडून दोनदा ऐकून पाठ करत असे आणि उभा राहून पुस्तकाकडे बघत म्हणत असे. सातवीपर्यंत निभावले. एकदा मधली एक मुलगी गैरहजर निघाली आणि मी भलताच परिच्छेद म्हटला. संपूर्ण वर्ग हसला. छड्या मिळाल्या त्याचे काही वाटले नाही.

मला एवढेच विचारायचे आहे, की आम्ही लोक वाचतच नाही, म्हणून मेंदू तसा राहिला असे तर नसेल? व्यायाम न केलेला दंड बारीकच राहणार.

काळी_फिल्म

काका, आपण या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे.

वाचनाने मेंदू बदलतो हे निश्चित आहे. कोलंबियात शस्त्रे खाली ठेवून समाजात परतलेल्या, प्रौढपणी साक्षर झालेल्या गनिमी बंडखोरांची तुलना अजून निरक्षर असलेल्यांशी करण्यात आली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. साक्षर झालेल्यांमध्ये अनेक भागांतले करडे द्रव्य अधिक होते आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचे मागचे टोक, म्हणजे डेजरिन यांच्या रुग्णाचे निकामी झालेले तेच टोक, अधिक भरदार होते. आपल्या देवनागरीचेही उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातल्या लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवले, तेव्हा मेंदूच्या सालीतल्या दृष्टीच्या भागाचा खालच्या, थॅलमस आणि मेंदूस्तंभातल्या केंद्रांशी असलेला समन्वय वाढल्याचे २०१७ मध्ये दिसून आले.

म्हणून २०१४ मध्ये ग्विनेव्हिअर ईडन यांच्या गटाने एक चतुर तुलना केली. वाचन-अक्षम मुलांना समवयस्कांशी न तोलता, त्यांच्याइतकेच वाचणाऱ्या लहान मुलांशी तोलले. करड्या द्रव्यातले बहुतेक फरक नाहीसे झाले. आपला दंडाचा दाखला तिथे बराचसा खरा ठरतो.

पण संपूर्ण खरा ठरत नाही. घरात वाचन-अक्षमतेचा इतिहास असलेल्या, अजून अक्षरे न शिकलेल्या मुलांमध्येही काही फरक आढळले आहेत. नॉर्वेत काही मुलांचा वाचन शिकण्याच्या आधीपासून पाठपुरावा केला गेला. त्यात सुरुवातीचे फरक ऐकण्या-पाहण्याच्या प्राथमिक भागांत होते आणि वाचनाच्या जाळ्यातले फरक नंतर उमटले. म्हणजे आधी काहीतरी थोडे वेगळे असते, त्यामुळे वाचन जड जाते, जड जाते म्हणून वाचन टाळले जाते, आणि टाळल्यामुळे फरक वाढतो. छड्यांमुळे तो कमी झाल्याची नोंद मात्र कोठेही नाही.

उलट दिशेचाही पुरावा आहे. केलर आणि जस्ट यांनी २००९ मध्ये आठ ते दहा वर्षांच्या कच्च्या वाचकांना शंभर तासांचे पद्धतशीर वाचनशिक्षण देऊन आधी आणि नंतर तपासले. डाव्या पुढच्या भागातल्या श्वेत द्रव्याची गुणवत्ता सुधारलेली दिसली.

जाईची_वेल

मन बरेच हलके झाले. एक शंका राहते. केंद्रातल्या समुपदेशकांनी असेही सांगितले की बुद्ध्यंक चांगला असेल तरच तो डिस्लेक्सिया, नाहीतर ते 'साधे मागासलेपण'. आणि उजवा मेंदू तल्लख असल्यामुळे ही मुले कलाकार होतात. यात तथ्य आहे का?

काळी_फिल्म

कलाकाराविषयीचे विधान सांत्वनापुरते ठीक, त्यामागे रचनेचा पुरावा नाही. उजव्या बाजूबद्दल एवढे सांगता येईल की २०११ मधल्या एका अभ्यासात, ज्या मुलांच्या उजव्या कपाळामागच्या भागात वाचनाशी संबंधित कामाच्या वेळी क्रिया अधिक होती आणि उजव्या बाजूचा तंतुमार्ग अधिक सुसंघटित होता, त्यांचे वाचन पुढच्या अडीच वर्षांत जास्त सुधारले. बुद्ध्यंकाविषयी त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास सांगतो की बुद्ध्यंक जास्त असो वा कमी, कच्च्या वाचकांच्या मेंदूतल्या क्रियेचा नमुना सारखाच होता. परीक्षेतल्या सवलतींच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंक मोजतात, तो भाग वेगळा.

मात्रावेलांटी

आता करायचे काय ते सांगते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून बुद्धिमत्तेची आणि वाचन, लेखन, गणित यांची लेखी-तोंडी चाचणी करून घ्या. ती मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी हे काम अनेक वर्षे चालते. राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. यांपैकी कशासाठीही मेंदूची फिल्म मागितली जात नाही.

जाईची_वेल

एमआरआयची वेळ आज रद्द केली. कानांची तपासणी सोमवारी आहे. मुलाला मी 'र'च्या जागांविषयी वरचे सगळे सांगितले. तो ऐकून म्हणाला, 'मग तो कुठे बसलाय ते मला आधी कसं कळणार?' मला उत्तर देता आले नाही.

मात्रावेलांटी

त्याला पुस्तक दाखवूच नका. 'कर्म' आणि 'क्रम' हे शब्द तुम्ही बोला आणि प्रत्येक आवाजाला एक याप्रमाणे त्याला चिंचोके मांडू द्या. 'र'साठी एक वेगळा, घासून पांढरा केलेला चिंचोका ठेवा. तो कितवा येतो हे त्याला कानाने न चुकता मांडता येऊ लागले की मगच पाटीवर शब्द लिहा, आणि पांढरा चिंचोका अक्षरावर कोठे जाऊन बसतो ते त्याला बोटाने दाखवू द्या. रोज दहा मिनिटे पुरेत. 'आचाऱ्यांना' मात्र इतक्यात काढू नका.